नम्रता कोणापुढे? : पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती लीनतेचा प्रश्न

१

ख्रिस्ती धर्मविचारात गर्वाला जे स्थान आहे, ते समजून घेताना मराठी वाचकाची प्रथम थोडी अडचण होते. आपल्या षड्रिपूंच्या यादीत मद पाचवा येतो. काम-क्रोधांच्या मानाने त्याचा दरारा कमीच. ख्रिस्ती परंपरेत मात्र गर्व हा अनेक दोषांपैकी एक दोष नाही, तो सर्व दोषांचा उगम आहे. संत ऑगस्टीन (३५४-४३०) याने 'देवाचे नगर' या ग्रंथात आदिमानवाच्या पतनाची मीमांसा करताना असे प्रतिपादन केले की, निषिद्ध फळ खाण्याची कृती नंतर घडली. त्याआधीच मन ईश्वराकडून वळून स्वतःवर लुब्ध झाले होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने ईयोबाच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना सात प्रमुख दुर्गुण मोजले आणि गर्वाला त्या सातांतही न घालता सातांची राणी म्हणून वर बसविले.

रोग एवढा मोठा, तर औषधही तेवढेच मोठे हवे. ते औषध म्हणजे नम्रता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. ईश्वराचे भय ही पहिली पायरी. वरिष्ठाची आज्ञा पाळणे ही तिसरी. आज्ञा कठोर व अन्याय्य वाटली तरी मुकाट्याने सोसणे ही चौथी. आणि खाली वाकलेली मान व जमिनीकडे लागलेली दृष्टी ही बारावी. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने याच शिडीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व तीच शिडी उलटी उतरत जाऊन गर्वाच्याही बारा पायऱ्या दाखविल्या. त्यांतील पहिली पायरी कोणती? कुतूहल. नको तिथे नजर फिरविणे, नको ते जाणून घेऊ पाहणे.

या विचाराच्या मुळाशी जे दोन बायबलप्रसंग आहेत, ते पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या नम्रतेचे वर्णन आहे: जो ईश्वररूप होता त्याने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू अखेरच्या भोजनाच्या वेळी उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. दोन्ही ठिकाणी वाकणारा तो आहे ज्याच्या हाती अधिकार आहे. गुरू शिष्यापुढे वाकतो, स्वामी सेवकापुढे. बेनेडिक्टच्या शिडीवर मात्र मुख्यतः शिष्य गुरूपुढे वाकतो. दोहोंनाही नाव एकच, नम्रता; परंतु एकीची दिशा वरून खाली आहे, दुसरीची खालून वर. ख्रिस्ती जीवनाच्या इतिहासात या दोन दिशांची गल्लत वारंवार झाली आहे आणि तिचा त्रास बहुतेक वेळा खालच्यांनाच झाला आहे.

ही गल्लत ज्या पत्रव्यवहारात अत्यंत स्पष्टपणे उमटली आहे, त्याच्याशी आपला मराठीचा निकटचा संबंध आहे. तो पत्रव्यवहार पंडिता रमाबाई आणि त्यांच्या इंग्लंडमधील धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांचा.

२

रमाबाईंचे चरित्र साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. तरी आमच्या विषयापुरते काही टप्पे नोंदविले पाहिजेत. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत देशभर पायी हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. आई, वडील व थोरली बहीण दगावली. उरलेली बहीण-भावंडे भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भावाचा मृत्यू, १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा विवाह, १८८२ मध्ये वैधव्य. पदरी मनोरमा ही लहानगी. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, 'स्त्री-धर्मनीति' हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे त्या एका वर्षातले.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज या गावी 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. या मठाची शाखा पुण्यात १८७७ पासून होती. त्यामुळे ओळख इकडचीच होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली आणि त्या आघातानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कानांच्या विकारामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिआ बील या विख्यात मुख्याध्यापिकेच्या हाताखाली शिकू लागल्या आणि तेथे संस्कृत शिकवूही लागल्या.

इकडे पुण्यात या धर्मांतरावर टीकेची झोड उठली होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली, हा अपवाद. स्वदेशातील उच्चवर्णीयांना त्या धर्मभ्रष्ट वाटत होत्या. नव्या धर्मबांधवांना त्या कशा वाटत होत्या, ते या पत्रांत दिसते.

३

मठातील सिस्टर जेराल्डाइन ही रमाबाईंची बाप्तिस्म्यातील धर्ममाता. रमाबाई तिला मनोरमेच्या नात्याने 'आजीबाई' म्हणत आणि पत्राच्या मायन्यातही तसेच लिहीत. हे नाते प्रेमाचे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वाद झाले ते या प्रेमाच्या पोटातच झाले, म्हणून ते अधिक बोचरे आहेत.

वादाचे विषय वरवर पाहता लहान-मोठे आहेत. पहिला अन्नाचा. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेले गोड पक्वान्नही त्यांना चालत नसे. जेराल्डाइनला यात जातीचा अभिमान शिल्लक राहिलेला दिसला. बाप्तिस्मा झालेल्या बाईने अशी बंधने पाळावीत हा तिच्या मते गर्वच होता. यावर रमाबाईंनी जे उत्तर धाडले, त्यात विनोद आणि ठसका दोन्ही आहेत. तुम्हांला हवे असेल तर माझा गर्व तुम्ही पक्वान्नांत शोधा, दूध-लोण्यात शोधा, पाणी-भातात शोधा, पायांतल्या बुटा-मोज्यांत शोधा, रोज जळणाऱ्या कोळशाच्या ढिगाऱ्यातसुद्धा शोधा, अशा आशयाचे ते उत्तर आहे. पुढे त्या हेही मान्य करतात की, ज्याला तुम्ही जातीचे पूर्वग्रह म्हणता त्यांतून मी पूर्णपणे सुटलेली नाही. पूर्वजांचे आचार शक्य तेवढे सांभाळायला आणि हिंदू म्हणवून घ्यायला आपल्याला आवडते, हेही त्या स्पष्ट सांगतात.

दुसरा विषय क्रूसाचा. अंगावर घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत असा मठाचा प्रघात. रमाबाईंनी संस्कृताचा आग्रह धरला. संस्कृत देवांची भाषा आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या मायभूमीची प्राचीन व सुंदर भाषा आहे आणि आपल्या देशबांधवांना थोडीफार कळते म्हणून. लॅटिन आपल्याला येत नाही. ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही असे काही अंगावर वागविण्यास आपली सक्त हरकत आहे, असे त्यांनी कळविले. आमच्या मते या छोट्याशा हरकतीत रमाबाईंचा सारा धर्मविचार आला आहे. मंत्राचा अर्थ न समजता तो म्हणत राहणाऱ्या समाजातून ही बाई बाहेर पडली होती. भाषा बदलून तेच पुन्हा करायला ती तयार नव्हती.

तिसरा विषय अध्यापनाचा. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात तिच्या कार्याची प्रतिष्ठा त्यामुळे कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी बीलबाईंना लिहिले की, माझ्या आईने तरुण पुरुषांना शिकविले याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, मी शिकविले याला माझ्या पतीने घेतली नाही. आणि ती हरकत आज इंग्रज माणसांनी घ्यावी याचे नवल वाटते. पुढे कसे वागायचे हे परभारे इतरांनी ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते.

चौथा विषय सर्वांत गंभीर, म्हणजे सिद्धान्ताचा. त्रैक्य, अथनेशियसचा मतांगीकार, ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी रमाबाई प्रश्न विचारीत होत्या. स्वतः बायबल वाचून निर्णय करू पाहत होत्या. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांना पटेना. १८८५ च्या मे महिन्यातील एका पत्रात त्यांनी जेराल्डाइनला बजावले की, मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे. मोठ्या कष्टाने भारतीय पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढून टाकले आहे. आता दुसऱ्या पुरोहितांकडून आलेले सर्व काही ईश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलेच दुसरे जू मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही.

वाँटेजच्या दृष्टीने हे सर्व एकाच दोषाचे विविध आविष्कार होते. अन्नात गर्व, क्रूसावर गर्व, अध्यापनात गर्व, प्रश्न विचारण्यात तर उघडच गर्व.

४

येथे सिस्टर जेराल्डाइनला खलनायिका ठरविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अँग्लिकन चर्चमध्ये जोगिणींचे मठ नव्याने उभे राहिले; वाँटेजचा मठ १८४८ मधला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ही व्रते घेऊन या स्त्रियांनी घरदार सोडले होते. त्या स्वतः ही शिडी चढत होत्या. ज्या शिस्तीने आपल्याला आत्मिक लाभ झाला, तीच शिस्त आपल्या धर्मकन्येला द्यावी, असे जेराल्डाइनला वाटले तर त्यात दुष्टपणा नव्हता. बर्नार्डच्या शिडीवर गर्वाची पहिली पायरी कुतूहल असेल, तर सतत 'का?' विचारणारी ही ब्राह्मण पंडिता त्या पायरीवर उभी आहे, असे तिला प्रामाणिकपणे वाटणारच.

परंतु जेराल्डाइनने शिडी जशीच्या तशी उचलली, तेव्हा एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. मठातली जोगीण व्रत स्वतः घेते. रमाबाईंनी असे कोणतेही व्रत घेतले नव्हते. त्या पाहुण्या होत्या, आश्रित होत्या, विधवा होत्या आणि जित देशातून आलेल्या होत्या. मठाची खरी शिस्त मानणाऱ्या स्त्रियांच्या नम्रतेत निवडीचा अंश होता. रमाबाईंकडून मागितलेल्या नम्रतेत तो उरत नव्हता. जिच्याकडे आधीच काही नाही तिला रिते व्हायला सांगणे आणि ज्याच्याकडे सर्व काही आहे त्याने स्वतःहून रिते होणे, या दोन गोष्टी एका शब्दात कशा बसविणार?

याचे भान त्या परंपरेला मुळीच नव्हते असेही नाही. बेनेडिक्टच्या त्याच नियमावलीत, तिसऱ्या प्रकरणात, मठाधिपतीला अशी सूचना आहे की, महत्त्वाच्या कामी सर्वांना सल्ल्यासाठी बोलवावे, कारण प्रभू पुष्कळदा योग्य गोष्ट लहानालाच सुचवितो. पोप ग्रेगरी स्वतःला ईश्वराच्या सेवकांचा सेवक म्हणवून घेत असे. म्हणजे वरिष्ठाने वाकावे, ऐकावे, ही अपेक्षा शिडीच्या शेजारीच लिहून ठेवलेली होती. व्यवहारात मात्र शिडी पाठ झाली आणि शेजारचा मजकूर विसरला गेला.

विसाव्या शतकात हा प्रश्न ईश्वरविद्येत उघडपणे चर्चिला गेला. राइनहोल्ड नीबूर याने १९४१ व १९४३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'द नेचर अँड डेस्टिनी ऑफ मॅन' या ग्रंथात गर्व हेच मानवी पापाचे प्रमुख रूप मानले. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने एका लेखात त्याला आव्हान दिले. तिचा मुद्दा असा की, पापाचे हे वर्णन पुरुषांच्या अनुभवावरून केलेले आहे. स्त्रियांच्या बाबतीत खरा धोका स्वतःला फार मोठे मानण्याचा नसून स्वतःला अजिबात न उरू देण्याचा असतो. अशा व्यक्तीला आणखी नम्र हो म्हणून सांगणे म्हणजे तिच्या दोषालाच सद्गुणाचे नाव देणे. हा लेख पुढे स्त्रीवादी ईश्वरविद्येच्या आरंभीच्या लेखनांत गणला गेला. रमाबाईंनी चेल्टनहॅमहून पत्रे लिहिली ती या लेखाच्या पाऊणशे वर्षे आधी. त्यांच्याजवळ ही परिभाषा नव्हती. पण ईश्वरापुढील नम्रता वेगळी आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या माणसापुढील नम्रता वेगळी, एवढा भेद त्यांनी अचूक केला होता.

५

इतक्यावर थांबलो तर हा लेख रमाबाईंचे गौरवगीत होईल. त्यांचा विचार खरा असेल तर तो त्यांच्या पुढील आयुष्यालाही लावून पाहिला पाहिजे. कारण पुढे अधिकार त्यांच्याच हाती आला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करण्यासाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांना आपला आचार पाळता यावा अशी तेथे व्यवस्था होती आणि कोणावरही धर्म लादायचा नाही असे ठरले होते. रमाबाई मात्र स्वतःची प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसू लागल्या. वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार म्हणून असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्याच घरात प्रार्थना करताना दार लावून घेण्याचे बंधन आपण का मानावे? वाँटेजने ज्याला गर्व म्हटले, त्यालाच आता पुण्याने हट्ट म्हटले.

येथे आमचे मत दुभंगते, हे नमूद करणे इष्ट वाटते. रमाबाईंचा सदसद्विवेकाचा हक्क निर्विवाद होता. परंतु उघड्या दारातून आत येणाऱ्या मुली त्यांच्या आश्रित होत्या. त्यांचे अन्न, निवारा, शिक्षण रमाबाईंच्या हाती होते. चेल्टनहॅममध्ये जी स्वतः आश्रित असताना 'माझा निर्णय मी करीन' म्हणाली, तिच्या छत्राखालील मुलीला तो निर्णय तितक्याच मोकळेपणाने करता येत होता का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. केडगावचे मुक्तिसदन यातून वाढले. १९०५ च्या धर्मजागृतीत तेथील शेकडो स्त्रियांनी रडत, ओरडत आपली पापे कबूल केली. ज्यांना जगाने आधीच धुळीला मिळविले होते, त्यांना आणखी पश्चात्तापाची गरज होती का, हा प्रश्न सेव्हिंगचा लेख वाचल्यावर टाळता येत नाही. दुसरीकडे हेही खरे की, ज्यांचे ऐकायला कोणी नव्हते अशा स्त्रियांना तेथे जमावापुढे उभे राहून बोलता आले. तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. पण तो एका बाजूने सोडविता येत नाही, एवढे निश्चित.

आणि जातीच्या गर्वाचे काय? जेराल्डाइनचे बोट चुकीच्या जागी पडले होते. परंतु ते सर्वस्वी निराधार नव्हते. १९०७ मध्ये लिहिलेल्या 'ए टेस्टिमनी' या आत्मनिवेदनात रमाबाईंनी आपल्या कुटुंबाच्या उपासमारीची हकीकत सांगितली आहे. अन्नावाचून दिवस काढण्याची पाळी आली, तरी उच्च कुळाच्या अभिमानामुळे हलके काम पत्करायला मन धजेना, असे त्या लिहितात. ही कबुली त्यांनी कोणाच्या आरोपाला उत्तर म्हणून दिलेली नाही. जातीचा गर्व अंडे न खाण्यात नव्हता, तो कष्ट हलके मानण्यात होता, हे त्यांना स्वतःच्या घराच्या नाशातून कळले होते. उच्चवर्णीय विधवांपासून निघालेले त्यांचे काम दुष्काळानंतर सर्व जातींच्या मुलींपर्यंत गेले. मुक्तीत स्वयंपाक, विणकाम, शेती, छपाई ही कामे हातांनी शिकविली जात. 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. पंडिता ही पदवी मिळालेल्या बाईचा दिवस या माणसांत जाऊ लागला.

६

रमाबाईंच्या नम्रतेचा शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा पुरावा साहित्याच्या क्षेत्रातला आहे. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालविली. त्यासाठी त्या उतारवयात या भाषा शिकल्या. जुळारीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ पूर्णरूपाने १९२४ मध्ये बाहेर आला.

या अनुवादाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी नेहमी नोंदविले आहे. तो जाणूनबुजून सोप्या मराठीत केलेला आहे. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले, कारण तो ज्यांच्यासाठी होता त्या बायकांना नुकतेच अक्षर कळू लागले होते. ज्या स्त्रीचे संस्कृतावर प्रभुत्व होते, पुराणे जिच्या जिभेवर होती, जिने इंग्लंडमध्ये क्रूसावर संस्कृतच हवे म्हणून वाद घातला, तिने संस्कृत खाली ठेवले. हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्यांपुढे ती वाकली नव्हतीच. ती वाकली ती केडगावच्या अडाणी मुलीपुढे, जिच्या हाती तिला वाकविण्याची कसलीही सत्ता नव्हती.

दोन्ही प्रसंगांतला धागा एकच आहे, असे आम्हांला वाटते. ज्याचा अर्थ आपल्याला कळत नाही ते अंगावर वागवायचे नाही, हा रमाबाईंचा क्रूसाविषयीचा आग्रह. ज्याचा अर्थ वाचणारीला कळणार नाही ते तिच्या हाती द्यायचे नाही, हा त्यांचा बायबलविषयीचा आग्रह. पहिल्या वेळी त्या खालच्या जागी होत्या आणि त्यांनी स्वतःसाठी अर्थ मागितला. दुसऱ्या वेळी त्या वरच्या जागी होत्या आणि त्यांनी दुसरीसाठी अर्थ मोकळा केला. पहिल्याला गर्व म्हणून आणि दुसऱ्याला नम्रता म्हणून वेगळे काढता येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे ऑगस्टीनची पुन्हा आठवण व्हावी. वक्तृत्वशास्त्रात निष्णात असलेल्या या तरुणाने प्रथम बायबल हाती घेतले, तेव्हा सिसेरोच्या भारदस्त गद्यापुढे त्याला ते अगदी सामान्य वाटले. त्याने ते बाजूला ठेवले. पुढे 'कन्फेशन्स'मध्ये त्याने याचे कारण आपला फुगलेला गर्व असे दिले. एरिक आउअरबाख (१८९२-१९५७) या जर्मन समीक्षकाने याच सूत्राचा मागोवा घेत ख्रिस्ती गद्याच्या 'लीन शैली'चा सिद्धान्त मांडला. प्राचीन अलंकारशास्त्रात उदात्त विषयाला उदात्त शैली आणि क्षुद्र विषयाला क्षुद्र शैली अशी वाटणी होती. सर्वांत उदात्त विषय सर्वांत साध्या शैलीत सांगून ख्रिस्ती लेखकांनी ती वाटणी मोडली. लॅटिनमध्ये नम्र या अर्थाचा शब्द 'हुमिलिस' आणि माती या अर्थाचा 'हुमुस' हे एकाच कुळातले आहेत. साधी शैली म्हणजे मातीलगतची शैली.

आपल्याला हा विचार परका वाटू नये. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, एकनाथांनी भागवत आणले. संस्कृतातून लोकभाषेत उतरणे ही मराठी वाङ्मयाची पहिली कृती आहे. मात्र त्या उतरण्यात मराठीच्या वैभवाचा अभिमानही होता आणि तो त्या कवींनी लपविला नाही. रमाबाईंचा अनुवाद तसा नाही. त्यात शब्दांची मिरवणूक नाही, भाषेचे सामर्थ्य दाखविण्याची आकांक्षा नाही. साहित्यगुणांच्या कसोटीवर तो ज्ञानेश्वरांच्या जवळपासही जात नाही. चर्चच्या उपासनेतही बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. आपल्या वाङ्मयेतिहासांत या ग्रंथाला एखादी ओळ मिळते, तीही बहुधा त्याच्या आकाराविषयी किंवा परिश्रमांविषयी. परंतु एका पंडितेने स्वतःचे पांडित्य कोणासाठी बाजूला ठेवले याचा पुरावा म्हणून तो वाचला, तर मराठी गद्याच्या इतिहासात त्याची जागा वेगळी ठरेल.

जाता जाता एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. ही सारी पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात, ती कोणामुळे? सिस्टर जेराल्डाइनने ती जपून ठेवली, एकत्र केली, त्यांना टिपणे जोडली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली, ती या संग्रहावरूनच. या पत्रांत जेराल्डाइनचा पराभव जागोजागी दिसतो. तिच्या धर्मकन्येची उत्तरे तिच्या प्रश्नांहून तेजस्वी आहेत, हे ती वाचणाऱ्या कोणालाही कळते, आणि तिलाही कळले नसेल असे मानवत नाही. ती पत्रे जाळणे सोपे होते. तिने ती नकलून ठेवली. आयुष्यभर दुसरीला नम्रता शिकवू पाहणाऱ्या या वृद्ध जोगिणीने आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने पुढच्या पिढीकडे सोपविला. तिच्या मठातील शिडीवर या पायरीला क्रमांक नाही.